पिशवी त्यांची त्यांना बदलू द्या

'सिस्टर, मी खानापूर तालुक्यातली. मालकांचं वय ५२. दोन वर्षं मूळव्याध समजून गावठी औषध घेत होते. गेल्या दिवाळीत पोट फुगलं, चार दिवस शौचाला झालं नाही. बेळगावला नेलं तर त्याच रात्री ऑपरेशन. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज म्हणाले. पोटाच्या डाव्या बाजूला पिशवी बसवली. मग आठ केमो झाले, शेवटचा जूनच्या सुरुवातीला. डॉक्टर आता "चांगलं आहे" म्हणतात. पण हे घरात असून नसल्यासारखे. सोप्यात वेगळे झोपतात, पंगतीला बसत नाहीत, गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवलीय. पिशवी मीच रोज बदलते, तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून पडतात. ह्या पावसात ती चिकटतच नाही, कातडी सोलून निघालीय. त्यात मुलीचं चंदगडकडं जमत आलंय. धाकटे दीर म्हणतात, पाहुण्यांना कळू देऊ नका. मी काय करू?'

वहिनी,

तुमचं पत्र मुळात चार पानी. जागेपायी आखडून वर दिलंय, पण चारही पानं मी दोनदा वाचली. त्यात दीर काय म्हणतात ते आहे, सासूबाई काय म्हणतात ते आहे, भजनी मंडळातली माणसं येऊन काय बोलून गेली तेही आहे. दादा स्वतः काय म्हणतात, ते मात्र एका ओळीतही सापडलं नाही. तुम्ही मुद्दाम वगळलं नसणार. मला वाटतं, त्यांना कुणी विचारलेलंच नाही. आठ-नऊ महिने सगळं घर त्यांच्याभोवती कुजबुजत वावरतंय, आणि ते बिचारे भिंतीकडे तोंड करून पडलेत.

म्हणून मी सुरुवात मुलीच्या लग्नापासून करत नाही, पिशवीपासून करते. उद्यापासून पिशवी त्यांची त्यांना बदलू द्या.

तुम्हाला हे कठोर वाटेल. पण तीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढलीत मी. ऑपरेशननंतर पहिला महिना बायकोनं केलं तर ठीक. पुढंही तीच करत राहिली की माणूस कायमचा आजारी होऊन बसतो. हातपाय धड असलेल्या माणसाला रोज सकाळी दुसऱ्यानं पुसून द्यायचं, ह्याची लाज त्यांना आतून खातेय. तुम्ही प्रेमानं करताय हे त्यांनाही कळतं, म्हणून तर बोलत नाहीत.

पहिले दोन-तीन वेळा नुसत्या शेजारी बसा. हात लावू नका. न्हाणीघरात पोटाच्या उंचीवर आरसा टांगा, म्हणजे त्यांना मान वाकवून बघावं लागणार नाही. सकाळी चहाच्या आधी बदलायला घ्या. रिकाम्या पोटी आतडं जरा गप्प असतं. जुनी पिशवी फर्रकन ओढायची नाही. एका हातानं कातडी दाबून धरायची, दुसऱ्या हातानं ओलं फडकं लावत वरून खाली सोडवत यायचं. मग साधं कोमट पाणी, आणि मऊ सुती कापडानं टिपून कोरडं. डेटॉल नको, स्पिरिट नको. आणि वहिनी, खोबरेल तेल तर मुळीच नको!

पान तीनवर तुम्ही लिहिलंय, सोललेल्या कातडीला थंडावा म्हणून रात्री तेल लावता. इथंच सगळं बिघडतंय बघा. तेलकट कातडीवर पिशवी धरत नाही. ती सुटली की मळ कातडीवर येतो, कातडी आणखी सोलते, तुम्ही आणखी तेल लावता. पाऊस नुसता बदनाम. त्यात तुम्ही ती रोज बदलता, म्हणजे रोज एक पापुद्रा उपटून काढताय. नीट बसलेली पिशवी तीन ते पाच दिवस चालते. रोज करायचं ते फक्त रिकामी करणं, तेही एक तृतीयांश भरली की लगेच. जड होऊन लोंबायला लागली की ती स्वतःच्याच वजनानं सुटते.

दुसरी चूक मापाची. दवाखान्यातून निघताना जो कागदी नमुना दिला, त्यावरूनच तुम्ही अजून भोक कापताय. ऑपरेशननंतर स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेलं आतड्याचं तोंड, सुजलेलं असतं. सहा-आठ आठवड्यांत ते आक्रसतं. दिवाळीच्या मापानं श्रावणात कापलेलं भोक मोठंच होणार, आणि स्टोमा नि भोक यांच्यामध्ये जी उघडी कातडी राहते तीच सोलते. नवं माप घ्या. स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं, त्याहून जास्त नाही. सोललेल्या जागेवर स्टोमा पावडर मिळते ती अगदी थोडी भुरभुरून झटकून टाकायची, ढीग राहिला तर पुन्हा चिकटणार नाही. पिशवी बसवल्यावर दोन मिनिटं वर तळहात ठेवून ऊब द्यायची. तुमच्याकडच्या दमट हवेत ही दोन मिनिटं फार कामाची. आणि पिशव्यांचा डबा चुलीवरच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेनं गोंद खराब होतो.

स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर असतो. त्याला हात लावला तर दुखत नाही. पुसताना कापडाला रक्ताचा ठिपका लागला म्हणून घाबरू नका. पण तो काळा-निळा पडला, पिशवीत धार धरून रक्त आलं, किंवा पिशवीत काहीच येईना आणि पोट फुगून उलट्या लागल्या, तर सकाळची वाट बघायची नाही.

हे सगळं तुम्हाला सुट्टी देतानाच सांगायला हवं होतं. तुम्ही लिहिता, सांगितलं पण कन्नडमधून, आणि 'चीला' म्हणजे पिशवी यापलीकडं काही समजलं नाही. वाचून मला वाईट वाटलं. आपल्या वॉर्डांत निम्म्या सिस्टरांना दोन्ही भाषा येतात. ज्या बाईची पाळी होती तिला येत नसेल, किंवा दिवसभराच्या धावपळीत तिनं तुमचा चेहरा बघितलाच नसेल. पुढच्या वेळी मान डोलावून बाहेर पडू नका. 'मराठी येणाऱ्या सिस्टरला बोलवा' असं सरळ म्हणा, कुणी रागवत नाही. सांगितलेलं मराठीत कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद न्हाणीघराच्या दारामागं चिकटवा.

आता वासाचं. दादा पंगतीला बसत नाहीत ते ह्याच भीतीनं, हे तुम्ही न लिहिताही कळतं. पिशवी नीट चिकटलेली असेल तर शेजारी बसलेल्याला वास येत नाही. वास येतो तो गळतीचा किंवा रिकामी करतानाचा. वाल, हरभरा, कोबी, मुळा यांनी वायू धरतो. अंडी आणि सुक्या मासळीनं वास वाढतो. लग्नकार्याच्या आदल्या दिवशी तेवढं टाळायचं, एरवी चवीपुरतं खायला हरकत नाही. ताक रोज प्यावं. जेवण वेळेवर आणि चावून. फणसाच्या गऱ्यांवर माझा राग नाही, पण त्यांचे धागे नीट चावा म्हणावं. शेजारीण म्हणते साखर बंद, दूध बंद, भात बंद. खानापुरातल्या माणसाचा भात बंद केला तर तो कॅन्सरआधी उपासानं जायचा. घरात जे शिजतं तेच द्या, आणि त्यांचं ताट वेगळं सोप्यात नेऊन देऊ नका. तुम्ही ताट नेता म्हणून ते तिथं बसतात, हेही एकदा तपासून बघा.

माझ्या नोकरीच्या काळात एक बस कंडक्टर होता, बेळगाव-सावंतवाडी गाडीवरचा. अशीच पिशवी लागलेली. आंबोलीच्या घाटात गाडी वळणं घेते तेव्हा पिशवी सुटेल म्हणून तो नोकरी सोडायला निघाला होता. पोटाला भोकाचा पट्टा बांधून पुन्हा ड्यूटीवर गेला. चेकअपला आला की हसत म्हणायचा, 'सिस्टर, दोन पिशव्या सांभाळतोय बगा. खांद्यावरची सरकारची, पोटावरची माझी. हिशेब एकीचाच द्यावा लागतोय.' त्याच्या खाकी पिशवीत तिकिटांच्या खाली एक जादा बॅग, कात्री, फडकं आणि कॅरीबॅग असायची. दादांनाही असा एक संच करून द्या. तो सोबत आहे एवढ्या धीरावर माणूस घराबाहेर पडतो.

माळेचं मला जास्त लागलं. वारकऱ्यानं माळ काढून ठेवली, म्हणजे त्यानं स्वतःला घरातूनच नाही तर मंडळीतूनही वजा केलं. तुम्ही विचारता, विटाळ धरावा का. मी नर्स आहे, कीर्तनकार नाही, तरी एवढं सांगते. भजनाला बसलेल्या प्रत्येक टाळकऱ्याच्या पोटात तीच चीज असते. दादांची वाट बाजूला काढलीय, बाकी काय फरक? देवळात जायच्या आधी पिशवी रिकामी केली, हात धुतले, झालं. तुमच्या मंडळातले बुवा समजूतदार आहेत असं पत्रात दिसतं. त्यांना एकदा घरी चहाला बोलवा. बुवांनी स्वतःच्या हातानं माळ घातली तर दहा सल्ला-सदरांचं काम होईल. आषाढी हुकली, कार्तिकी आहे.

आणि देवळापर्यंत चालत जाऊ द्या, मोटारसायकलवर मागं बसवून नेऊ नका. हे मी भक्तीसाठी म्हणत नाही. २०२५ च्या जूनमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेले ८८९ रुग्ण. निम्म्यांना व्यायामाच्या फायद्याचं पुस्तक हातात दिलं, निम्म्यांकडून तीन वर्षं मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम करून घेतला. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणारे पहिल्या गटात शंभरात ७४, दुसऱ्यात ८०. व्यायाम म्हणजे जिम नव्हे. आठवड्यातून तीन-चार दिवस पाऊण तास ते तासभर, दम लागेल पण बोलता येईल असं झपझप चालणं बहुतेकांना पुरतं. त्यांना नेहमीचीच वाट आहे, फक्त पाय उचलायला सांगा.

शेतात मात्र जरा जपून. हातापायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे ऑक्सॅलिप्लाटिन नावाच्या केमोच्या औषधानं होतं. केमो चालू असताना थंड पाण्याला हात लागला की विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं ना, तेही त्याचंच. औषध थांबल्यावर काही महिने मुंग्या उलट वाढतात आणि लोक घाबरतात. पुढं सावकाश ओसरतात. कुणाच्या सहा महिन्यांत, कुणाच्या वर्ष-दीड वर्षात, काहींच्या बोटांच्या टोकाला थोड्या राहूनही जातात. तोवर चिखलात अनवाणी उतरणं बंद. काटा रुतला, काच लागली तरी कळणार नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला, आणि रोज संध्याकाळी तळपाय उजेडात बघा. बंबातलं पाणी पायावर घेण्याआधी कोपरानं तपासा. भाताची पोती उचलणं दुसऱ्याकडं द्या. जोर लावला तर स्टोमाशेजारी हर्निया उतरतो. बांधावर उभं राहून माणसं लावणं, पाणी फिरवणं, हिशेब बघणं, हे त्यांचंच काम. ह्या वर्षी रोप लागणीचा निर्णय त्यांना न विचारता झाला असेल, तर ती चूक निदान कापणीला करू नका.

सोप्यातल्या अंथरुणाबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात आणि पुढं खोडल्यात. खोडलेलं वाचता येतं, वहिनी. कॅन्सर एकमेकांजवळ झोपल्यानं, एका ताटात जेवल्यानं, नवरा-बायकोच्या संबंधानं लागत नाही. ऑपरेशनची जखम भरली, अंगात ताकद आली की डॉक्टरांना एकदा विचारून सगळं पूर्ववत चालू शकतं. आधी पिशवी रिकामी करायची, वरून मऊ सुती पट्टा बांधायचा, बाकी तुम्हा दोघांचं तुम्ही बघा. त्यांना वाटतंय तुम्हाला किळस येते. तुम्हाला वाटतंय त्यांना एकटं राहायचंय. दोघांपैकी आधी कुणी बोलायचं, तर तुम्ही. अंथरूण उचलून आत आणा, प्रस्तावना नको.

तिसऱ्या स्टेजवरून गावात जे बोलतात ते कानाआड करा. तिसरी म्हणजे आतड्याजवळच्या लसिका गाठींपर्यंत कॅन्सर गेलेला, पण लांबच्या अवयवांत नाही. ह्या टप्प्यावर उपचार बरं करण्यासाठीच करतात, दिवस ढकलण्यासाठी नाही. पण लक्ष ठेवावं लागतं, कारण उलटायचा झाला तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांतच उलटतो. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए ही रक्तचाचणी, पुढं पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी. मधून मधून सीटी स्कॅन. 'बरं वाटतंय, मग कशाला पैसे घालवायचे' म्हणून चेकअप चुकवणारे मी फार बघितले.

पैशाचं म्हणाल तर तुमचं बीपीएल कार्ड आहे. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये अशा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपली जनआरोग्य योजनाही जाहीर केली आणि त्यावरून दोन सरकारं भांडली. भांडू देत. तुम्ही हातात असलेलं कार्ड आधी वापरा. पिशव्या परवडत नसतील तर मुंबईच्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाला पत्र घालून विचारा; ती अशाच रुग्णांची संस्था आहे.

आता दीर आणि चंदगड.

पाहुण्यांना सांगावं का, हे ठरवायचा पहिला हक्क दादांचा. आजार त्यांचा आहे. दिरांचा नाही, तुमचाही नाही. मुलीलाही विचारा, तिला तिथं नांदायचंय. माझं मत विचाराल तर साखरपुड्याआधी दादांनीच, शक्यतो स्वतःच्या तोंडानं, होणाऱ्या व्याह्यांना सांगावं. 'मला आतड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, उपचार पूर्ण झाले, पोटावर पिशवी आहे.' चार वाक्यं. चंदगड काय लांब आहे का? निम्मा तालुका बेळगावच्या बाजारात येतो. कुणीतरी सांगणारच, आणि ते सांगण्याची तऱ्हा तुमच्या हातात नसेल. ऐकून मागं सरणारी माणसं असतील तर सरू देत. ह्यात मुलीला कमीपणा येण्यासारखं काही नाही.

'मुलीलाही होईल का' असं ते विचारतील, म्हणून खरं उत्तर हाताशी ठेवा. बहुतेक आतड्याचे कॅन्सर आनुवंशिक नसतात. मात्र जवळच्या रक्ताच्या नात्यात एकाला झाला की बाकीच्यांचा धोका थोडा वाढतो. म्हणून मुलांनी चाळिशीपासून कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतड्याची तपासणी, सुरू करावी आणि साधारण दर पाच वर्षांनी करत राहावी. घराण्यात आणखी कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगा, मग हिशेब बदलतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीवर एमएमआर नावाची तपासणी झाली का, तेही विचारा. कॅन्सर घराण्यातून आलेला असण्याची शंका धरावी का, हे तिच्यावरून कळतं.

दिरांचं वय तुम्ही ४७ लिहिलंय. म्हणजे 'कुणाला कळू देऊ नका' म्हणणाऱ्या माणसालाच ही तपासणी आधी करायला हवी, आणि तीही आजच्या आज. आतड्यात आधी पॉलिप येतो, छोट्या कोंबासारखा. त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा अनेक वर्षं जातात. तपासणीत दिसला तर तिथल्या तिथं काढून टाकतात. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिऊन संडासच्या खेपा घालाव्या लागतात, त्रास काय तो तेवढाच. शौचातून रक्त जात असेल तर त्यांनीही मूळव्याधवाल्याकडं जाऊ नये. दादांची दोन वर्षं तिथंच गेली.

पुढच्या खेपेला ओपीडीला जाताना दोन प्रश्न लिहून न्या. पहिला: पोट बंद झालेल्या अवस्थेत घाईनं ऑपरेशन झालं, त्यामुळं उरलेलं आतडं आधी तपासलेलं नाही, ती कोलोनोस्कोपी झाली का? नसेल तर आता करायलाच हवी. दुसरा: पिशवी काढून आतडं पुन्हा जोडता येईल का, आणि कधी? पुष्कळांचं जोडतात, सगळ्यांचं नाही, पण विचारल्याशिवाय कुणी आपण होऊन तारीख देत नाही. प्रश्न दादांना विचारू द्या, तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा. आणि दिरांना सोबत न्या. पिशवी धरायला नव्हे. त्यांच्या नावाचाही केसपेपर त्याच दिवशी काढून घ्या.